स्पॅनमधला मजकूर चौकटीबाहेर जातोय? असा आवरा

सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) टेक्स्ट-ओव्हरफ्लोला इलिप्सिस (म्हणजे कापलेल्या जागी तीन टिंबं) दिलं, ओव्हरफ्लो हिडन केला, रुंदीही ठरवली, तरी स्पॅनमधलं लांबलचक फाइलनाव चौकटीबाहेर जातंच. स्पेलिंग तपासत बसू नका. स्पॅन (मजकुराचा तुकडा वेगळा करणारा टॅग), अँकर (लिंकचा टॅग) हे मुळात इनलाइन घटक, म्हणजे ओळीतच शब्दांसारखे वाहणारे. त्यांना विड्थ लागू होत नाही, ओव्हरफ्लोही नाही. ब्राउझर एररही दाखवत नाही, त्यामुळे खोट कुठे आहे ते कळत नाही.

आधी ठरवा, मजकूर लपवायचा आहे की फक्त पुढच्या ओळीवर न्यायचा आहे? परिच्छेदातल्या लांब लिंकसाठी लपवाछपवीची गरजच नसते. परिच्छेदाला ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ द्या. हा गुण आतल्या अँकरलाही वारशाने मिळतो आणि जागा संपली की लिंक मध्येच मोडते. माझं मत विचाराल तर शक्य तिथे हेच करावं.

लपवायचाच असेल, तर स्पॅनला हे पाच नियम एकत्र द्या:

डिस्प्ले: इनलाइन-ब्लॉक;
मॅक्स-विड्थ: 100%;
व्हाइट-स्पेस: नोरॅप;
ओव्हरफ्लो: हिडन;
टेक्स्ट-ओव्हरफ्लो: इलिप्सिस;

खरं काम पहिल्या ओळीचं. विड्थऐवजी मॅक्स-विड्थ घेतली, म्हणजे छोट्या नावापुढे उगाच मोकळी जागा राहत नाही.

आता नीट पाहा: तो स्पॅन शेजारच्या शब्दांपेक्षा किंचित वर उचललेला दिसेल आणि ओळीची उंचीही वाढलेली असेल. इनलाइन-ब्लॉकचा ओव्हरफ्लो हिडन केला, की त्याची बेसलाइन (अक्षरं जिच्यावर टेकतात ती रेषा) अक्षरांवरून घसरून चौकटीच्या तळाशी जाते. बरेच जण इथे मार्जिन कमी-जास्त करत बसतात. ‘व्हर्टिकल-अलाइन: बॉटम’ दिलं की काम झालं.

फ्लेक्समध्ये (घटक शेजारी-शेजारी मांडणाऱ्या चौकटीत) आणखी एक अडचण येते. स्पॅन थेट फ्लेक्सचं अपत्य असेल तर हरकत नाही. पण मध्ये एखादा डिव्ह (घटक गुंडाळणारा डबा) असला, तर तो मजकुराच्या रुंदीपेक्षा लहान व्हायला तयार नसतो. त्या डिव्हला ‘मिन-विड्थ: 0’ द्या, स्पॅनला नव्हे.

टिंबं शेवटाला येतात, म्हणून फाइलनावाचं ‘.पीडीएफ’ हमखास गायब होतं. ते वेगळ्या स्पॅनमध्ये ठेवा. दोन्ही स्पॅन एकाच फ्लेक्समध्ये शेजारी-शेजारी घाला, नावाला वरचे नियम आणि शेपटीला ‘फ्लेक्स-श्रिंक: 0’. पूर्ण नाव टायटल ॲट्रिब्यूटमध्ये (माउस वर नेला की दिसणाऱ्या टिपेत) टाकून मोकळं होऊ नका; मोबाइलवर माउस न्यायचा कुठून?