गावात एअरफायबर घेताय? आधी छपरावर चढा

फायबर मिळत असेल तर फायबरच घ्या, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं अशांसाठी आहे ज्यांना केबलवाला "तुमच्या वाडीपर्यंत वायर ओढायला परवडत नाही ओ" म्हणून कटवतो, ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे गावोगावी नेट न्यायच्या सरकारी योजनेची, पेटी भिंतीला लटकलेली असते पण तिथून घराघरात काही आलेलं नसतं, आणि मोबाईलला रेंज खळ्यात असते, पडवीत शिरलं की गेली. अशा ठिकाणी छपरावर डिश लावून टॉवरवरून बिनवायरीचं नेट घेणं, म्हणजेच एअरफायबर, हा एकच रस्ता उरतो. वाईट नाहीये तो. फक्त एक ध्यानात ठेवा, इथे कंपनी तीच, प्लॅन तोच, तरी शेजाऱ्याचं नेट सुसाट आणि तुमचं रडतंय असं सर्रास होतं, कारण सगळा खेळ डिश कुठे आणि कुठल्या दिशेला लागलीय याचा आहे.

आधी विचारा, तुमच्याकडे नक्की काय बसवणार आहेत? २०२३ च्या ऑगस्टमध्ये एअरटेलने आणि सप्टेंबरमध्ये जिओने ही सेवा आणली तेव्हापासून लोक सगळ्यालाच एअरफायबर म्हणतात, पण आत दोन वेगळे प्रकार असतात. एक म्हणजे मोबाईलच्या फाईव्ह जी टॉवरवरून येणारं, त्यात गावातल्या सगळ्या मोबाईलवाल्यांसोबत तुम्ही टॉवर वाटून घेता. दुसरा म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ, हा लहरींचा पट्टा आपल्याकडे २०१८ मध्ये बऱ्यापैकी मोकळा झाला, तो वापरायला वेगळं लायसन्स लागत नाही, म्हणून तालुक्याचे छोटे नेटवाले टेकडीवर पोल ठोकून तेच वापरतात, आणि आता मोठ्या कंपन्यापण काही ठिकाणी हेच बसवतात. डिश बघून तुम्हाला फरक कळणार नाही, म्हणून विचारायचं.

फरक का पडतो तर पहिल्या प्रकाराला मध्ये एखादं घर, थोडी झाडी चालून जाते. दुसऱ्याला टॉवर समोर दिसलाच पाहिजे, आणि "दिसतोय की फांद्यांमधून" हे दिसण्यात धरत नाहीत. दोन किलोमीटरवर टॉवर असेल तर सरळ रेषेच्या आजूबाजूला, मधोमध साधारण ५ मीटर मोकळं लागतं. म्हणजे जानेवारीत मस्त चाललेलं नेट पावसाळ्यात बांबूचं बेट उंच झालं की बसतं आणि लोक म्हणतात पावसाने नेट जातं. या पट्ट्यात एवढ्या अंतरावर पावसाच्या सरीने फारसं काही होत नाही ओ, ओल्या पानांनी होतं. फाईव्ह जीच्याच २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला मात्र पाऊस खरंच नडतो, पण तो गावाकडे तुमच्या नशिबी येण्याची शक्यता कमीच.

पहिल्या प्रकारचं, फाईव्ह जीवालं घेत असाल तर बुकिंग करायच्या आधी एक काम करा. फाईव्ह जी फोन घ्या, ज्या कंपनीचं घ्यायचंय तिचं सिम टाका, सिग्नलचे आकडे दाखवणारं नेटमॉन्स्टरसारखं एखादं ॲप टाका आणि गच्चीवर, किंवा कौलं असतील तर शिडी लावून माळ्याच्या उंचीवर जा. कांड्या बघू नका, कांड्या खोटं बोलतात. आरएसआरपी नावाचा आकडा बघा, म्हणजे सिग्नलचा जोर, तो उणे असतो, उणे ८० च्या आसपास असेल तर झकास, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११० च्या खाली गेला तर पैसे घालायच्या आधी दोनदा विचार करा. त्याच्या शेजारी एसआयएनआर असतो, म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती स्वच्छ आहे ते, तो २० च्या वर चांगला आणि ५ च्या खाली असेल तर रेंज फुल दिसूनही नेट रखडणार. घराच्या चारी कोपऱ्यांवर बघा, मागे गोठ्यावर बघा, आकडे कागदावर लिहा.

आणि हे सगळं सकाळी अकराला करून खूश होऊ नका. रात्री नऊला बघा, जेवणं उरकून अख्खं गाव मोबाईल घेऊन बसतं तेव्हा. कोकणात तर खरी परीक्षा गणपतीत आणि मे महिन्यात. एरवी पन्नास माणसांची वाडी, चाकरमानी आले की तीनशेची होते, प्रत्येकाकडे फोन, आरतीचे व्हिडिओ मुंबईला चाललेत, आणि टॉवर तोच एक. म्हणून शेजाऱ्याला "नेट कसंय?" असं विचारू नका, तो "बरंय" म्हणेल. "गणपतीत रात्री व्हिडिओ कॉल लागत होता का, आणि लाईट गेल्यावर किती वेळ टिकतं?" असं विचारा, मग खरं काय ते बाहेर येईल.

बसवायला पोरगा येईल त्या दिवशी कामधंदा सोडून घरी थांबा. त्याला दिवसात चार-पाच घरं उरकायची असतात, तो जिथे शिडी सहज लागते तिथे डिश मारून मोकळा होणार, त्याचीपण चूक नाही. तुम्ही तुमचा कागद काढा आणि म्हणा, दादा या कोपऱ्यावर आकडा चांगला आलाय, इथे बघूया. डिश थोडी थोडी फिरवून प्रत्येक वेळी आकडा वाचायला लावा, दोन बोटं फिरवली तरी पुष्कळ फरक पडतो. घर खोलगटात असेल तर डिश घरावरच पाहिजे असा काही नियम नाही, बाहेरची वायर १०० मीटरपर्यंत चालते, वर बागेच्या बांधावर पोल टाकून वायर खाली आणता येते, फक्त एवढी वायर कंपनी फुकट देत नाही आणि मध्ये जॉइंट मारायचा नाही. बाहेर वापरायची, काळ्या जाड आवरणाची वायर मागा, साधी करडी उन्हाने दोन वर्षांत तडकते. वानरं असतील तर वायर पाइपातूनच घ्या, हा विनोद नाही.

वायर भिंतीत शिरते तिथे आधी खाली एक झोळ सोडायला सांगा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं, नाहीतर सगळा पाऊस वायरीवरून सरळ राऊटरमध्ये. भोक सिलिकॉनने बुजवा. स्पीड टेस्ट वायफायवर नाही, लॅपटॉप वायरने राऊटरला जोडून करा, आणि ती झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. ओटीपी दिला म्हणजे काम झालं असं तुम्ही मान्य केलंत.

जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय फार लांब जात नाही, पलीकडच्या खोलीत रडतं म्हणून कंपनीला शिव्या घालण्याआधी राऊटर माजघरात आणा.

आता लाईट. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो, पण डिशचं काय? डिशला करंट वेगळ्या अडॅप्टरमधून त्याच नेटच्या वायरीने जातो आणि तो बऱ्याचदा २४ किंवा ४८ व्होल्टचा असतो, लेबल वाचा, छोट्या यूपीएसवर तो चालणार नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्यावर घ्या. तरी टॉवरची बॅटरी संपली की तुम्ही काहीही करा, नेट जाणारच. मृगाच्या आधीचा गडगडाट सुरू झाला की नुसता स्विच बंद करून भागत नाही, डिशकडून येणारी वायरपण राऊटरमधून उपटा, वीज तिथूनही आत येते.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी चढतो, ५९९ चे ७०७ होतात. डेटाची मर्यादा विचारा, ती संपल्यावर स्पीड किती राहतो तेही विचारा. सहा-बारा महिन्यांचं एकदम भरलं की बसवायचे पैसे माफ अशी ऑफर असते, मोह होतो, पण एक गणपती त्या नेटवर काढल्याशिवाय मी तरी कोणाला वर्षाचं भरा म्हणणार नाही. सीसीटीव्ही घरून बघायचा असेल तर क्यूआर कोड स्कॅन करून ॲपवर दिसणारा कॅमेरा घ्या, जुन्या पद्धतीने डीव्हीआरला (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्याला) पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून थेट जोडायची वाट करून, बघणं इथे बहुतेक वेळा जमत नाही, कारण एकच आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, खूप गिऱ्हाइकांत वाटलेला असतो.

बिघडलं तर लाइनमनला फोन करून गप्प बसू नका. कस्टमर केअरला तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या, रात्रीच्या स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपा. मुदतीत सुटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करा, फी नाही, आणि ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. बंद करायचं ठरलं तर डिश आणि राऊटर बहुतेक कंपनीच्याच मालकीचे असतात, ते न्यायला येणाऱ्याकडून सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या, नाहीतर चार महिन्यांनी वसुलीचा फोन येतो.