कारचं खरं वजन काढताना

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ट्रकच्या काट्यावर कार चढवू नका. तो दहा-वीस किलोच्या टप्प्यानं बोलतो. आणि काट्यावर किती भरवसा ठेवायचा, हे आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या ऊसवाल्याला सांगायला नकोच! मोटारींची मासिकं चार चाकांखाली वजन मोजणारे चार पॅड ठेवतात. तेच करा.

फरशी आधी पाणसळीनं तपासा. टाकी काठोकाठ, डिकी रिकामी, आत कुणी नको. गाडी पॅडवर आली की चारही कोपरे दाबून स्प्रिंग मोकळ्या करा, हँडब्रेक सोडा. चाक आखडलेलं राहिलं तर त्या कोपऱ्याचा आकडा फसवा येतो. मग बेरीज.

कंपनीच्या ‘ड्राय’, म्हणजे पेट्रोल-तेल न धरलेल्या, वजनाला भुलू नका, ६० लिटर पेट्रोलच ४५ किलोच्या घरात जातं. युरोपच्या अधिकृत आकड्यात मात्र ७५ किलो ड्रायव्हरचे धरलेले असतात. ते वजा करून मगच तुलना करा.