जिल्हा परिषद शाळेचा प्रश्न शिक्षण विभागात कसा मार्गी लावावा

गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षकाची जागा रिकामी राहिली किंवा वर्गखोलीचे छत गळू लागले की पालक बहुधा मुख्याध्यापकांकडे तरी जातात, नाही तर थेट आमदारांकडे. निर्णय मात्र या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या कार्यालयांत होतो. शाळा व्यवस्थापन समितीत काही वर्षे काम केल्यावर माझी खात्री झाली आहे की बहुतेक प्रस्ताव कोणी नाकारत नाही. ते चुकीच्या टेबलावर, चुकीच्या महिन्यात किंवा एखाद्या कागदाच्या त्रुटीमुळे पडून राहतात.

म्हणून आधी कोणते काम कोणाचे, हे नीट समजून घ्यावे. मुंबईत मंत्रालयातील शालेय शिक्षण व क्रीडा विभाग धोरण ठरवतो आणि शासन निर्णय काढतो. पुण्यात शिक्षण आयुक्त आणि त्यांच्या अखत्यारीतील प्राथमिक व माध्यमिक संचालनालये अंमलबजावणी पाहतात, तर त्यांच्या खाली आठ विभागीय शिक्षण उपसंचालक आहेत. पाठ्यपुस्तके बालभारती, शिष्यवृत्ती परीक्षा राज्य परीक्षा परिषद, दहावी-बारावी राज्य मंडळ, शिक्षक प्रशिक्षण राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेचा निधी महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद, अशी कामांची वाटणी आहे. पुस्तके कमी आली म्हणून राज्य मंडळाला पत्र लिहिणाऱ्याचे दोन महिने उगाच जातात.

जिल्हा परिषद शाळेचा रोजचा कारभार मात्र तालुका आणि जिल्हा पातळीवरच चालतो. आठ-दहा शाळांवर एक केंद्रप्रमुख, त्यांच्यावर बीटचे, म्हणजे काही केंद्रांच्या गटाचे, शिक्षण विस्तार अधिकारी, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) अशी ही साखळी आहे. प्रस्ताव याच मार्गाने वर जावा लागतो. मधली पायरी गाळून थेट जिल्ह्याला दिलेला अर्ज ‘अभिप्रायासह सादर करावे’ असा शेरा घेऊन पुन्हा तालुक्यालाच येतो. महानगरपालिकेच्या शाळांसाठी पालिकेचा शिक्षण विभाग आणि खाजगी माध्यमिक शाळांसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक) हा वेगळा मार्ग आहे, त्याचा येथे विचार केलेला नाही.

सुरुवात समितीच्या ठरावाने करावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, तसेच कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचेच काम आहे. जी मागणी आराखड्यात नाही, तिला पुढे आधार राहत नाही. ठरावात सभेची तारीख, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि उपस्थितांच्या सह्या असाव्यात. आमचा एक प्रस्ताव केवळ ठरावावर क्रमांक नसल्याने चार महिने पडून होता आणि ती त्रुटी आम्हाला कोणी कळवलीही नव्हती. त्या पावसाळ्यात दुसरीची मुले व्हरांड्यात बसली, हे मी अजून विसरलेलो नाही.

वर्गखोलीचे उदाहरण घेऊ. धोकादायक खोली पाडण्यासाठी आधी अभियंत्याची पाहणी आणि निर्लेखनाची, म्हणजे खोली वापरातून व नोंदीतून काढून टाकण्याची, मंजुरी लागते, आणि नवी खोली हा त्याहून वेगळा प्रस्ताव असतो. पुष्कळ गावे दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालतात. त्यामुळे एका मागणीत त्रुटी निघाली की दुसरीही अडते. नव्या खोलीचा पैसा समग्र शिक्षातून किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून येऊ शकतो. दोन्हींकडे पुढच्या वर्षाची आखणी मार्चच्या बरीच आधी सुरू होते, म्हणून फोटो, पाहणी अहवाल, पटसंख्या आणि ठराव जोडलेला प्रस्ताव दिवाळीपूर्वी तालुक्याला पोचावा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दिलेला अर्ज त्या वर्षाच्या नियोजनात बसणे कठीण असते. किरकोळ दुरुस्ती, खडू, स्वच्छता यांसाठी मात्र पटानुसार मिळणारे संयुक्त शाळा अनुदान असते आणि त्याचा हिशेब पाहण्याचा समितीला पूर्ण अधिकार आहे.

शिक्षकाच्या जागेचा प्रश्न संचमान्यतेपासून, म्हणजे शाळेला किती पदे मंजूर हे ठरवण्यापासून, सुरू होतो. ३० सप्टेंबरच्या पटावर पुढील शिक्षक पदे ठरतात. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० पर्यंत तीन शिक्षक, असे प्रमाण आहे. शासन निर्णयांनी त्यात वेळोवेळी अटी घातल्या आहेत, म्हणून चालू निर्णय संकेतस्थळावरून अठरा अंकी संकेतांकासह उतरवून घ्यावा. पट ६२ असताना दोन मुलांचे आधार पोर्टलवर वैध झाले नाही, तर मोजणीत ६० भरतात आणि एक पद हातचे जाते. हे काम मुख्याध्यापकांवर सोडून न देता समितीने ऑगस्टमध्येच यादी हातात घेऊन घरोघरी जावे आणि नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर दुरुस्त करून घ्यावी. पद मंजूर असूनही रिकामे असेल, तर प्रश्न बदली, समायोजन (अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत देणे) किंवा पवित्र या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरील भरतीचा असतो. अशा वेळी अर्जात ‘शिक्षक द्या’ असे मोघम न लिहिता ‘मंजूर पदे तीन, कार्यरत दोन, रिक्त एक, अमुक तारखेपासून’ असे लिहावे आणि नियमित नेमणूक होईपर्यंत तात्पुरती व्यवस्था मागावी.

अर्ज देताना दोन प्रती न्याव्यात. पंचायत समितीत दाराजवळच्या आवक टेबलावर एक मोठी नोंदवही असते. तेथील कर्मचारी पहिली प्रत ठेवून घेतात, तेव्हा दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हाताने लिहून घ्यावा. तो क्रमांक नसेल, तर कागद दिलाच नाही असे समजावे. आठ दिवसांनी त्याच क्रमांकावरून फाईल कोणत्या कार्यासनाकडे, म्हणजे कोणत्या टेबलाकडे, गेली ते विचारावे आणि तेथील लिपिकांशी सन्मानाने बोलावे. फाईलवरची टिपणी तेच लिहितात आणि काय कमी आहे, हे सर्वांत आधी त्यांनाच दिसते. महिनाभरात हालचाल नसेल, तर पहिल्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यावे.

तरीही उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक लावून अर्ज करावा. त्यात ‘काय कारवाई केली’ असे विचारू नये. त्या फाईलच्या टिपणी भागाच्या आणि पत्रव्यवहार भागाच्या छायांकित प्रती मागाव्यात. कार्यालयाला ३० दिवसांची मुदत असते, आणि टिपणीवरील तारखा पाहिल्या की कागद नेमका कोठे थांबला ते कळते. बालकाच्या हक्काबाबत तक्रार असेल, तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३२ वापरावे. त्यानुसार स्थानिक प्राधिकरणाने लेखी तक्रारीवर संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीच्या पहिल्याच ओळीत ‘कलम ३२ अन्वये’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे तीन महिन्यांची मुदत आवकच्या तारखेपासून ठामपणे मागता येते.