खासगी शाळेची फी भरावी की नाही, हे कसं ठरवायचं

माहितीपत्रकावर छापलेल्या आकड्यावरून निर्णय घेऊ नका. आधी शाळेच्या कार्यालयातून फीचं लेखी विवरण मागा: शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, प्रवेश शुल्क, अनामत, उपक्रम शुल्क, सगळं वेगवेगळं. तोंडी सांगितलेला आकडा धरू नका. मग शाळा ज्याबद्दल बोलत नाही ते खर्च खाली लिहा: व्हॅनचे महिन्याचे पैसे, दोन गणवेश आणि खेळाचा तिसरा, बूट, शाळेतूनच घ्यायला लावलेली पुस्तकं, सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख. सगळ्यात शेवटी बाहेरचा क्लास.

आता पहिली ते दहावी बेरीज करा. समजा पहिलीला सगळं धरून ९०,००० रुपये लागतात. बरेचजण याला दहाने गुणतात आणि ९ लाखांची तयारी ठेवतात. पण दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर दहावीच्या वर्षी हाच खर्च २ लाख १२ हजारांवर जातो आणि दहा वर्षांची बेरीज १४ लाख ३४ हजार होते. ८ टक्के धरली तरी १३ लाख. हा वाढीव भार सातवी-आठवीत जाणवायला लागतो, नेमका तेव्हाच क्लासचा खर्चही सुरू होतो. वाढीचा खरा दर जुन्या पालकांकडच्या मागच्या चार वर्षांच्या पावत्यांवरून काढा. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं बांधील असते. त्यामुळे वाढ टप्प्याटप्प्याने, एकदम मोठी येऊ शकते. एका वर्षाची पावती पाहून ती कळत नाही.

एवढ्यावरही शाळेची किंमत पूर्ण कळत नाही, कारण मूल शाळेत तर जाणारच आहे. तुलना करायची ती घराजवळच्या दुसऱ्या चांगल्या पर्यायाशी: सेमी इंग्रजी असलेली अनुदानित शाळा, किंवा जिल्हा परिषदेची वा महापालिकेची चांगली चालणारी शाळा. दोन्ही खर्चांतला फरक महिना ८,००० रुपये निघाला आणि तो ७ टक्क्यांनी आवर्ती ठेवीत टाकत गेलात, तर दहा वर्षांत साधारण १३ लाख ८० हजार होतात. खासगी शाळेची खरी किंमत ही. बारावीनंतरच्या शिक्षणाचा मोठा वाटा यातून उभा राहतो, म्हणून ती डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं पाहा.

एवढ्या पैशात शिकणं जास्त मिळतं का? आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे फार उपयोगी आहे. तिथे सोडतीने काही मुलांना खासगी शाळेची फी देण्यात आली. चार वर्षांनी तेलुगू, गणित आणि इंग्रजीत सोडत लागलेली आणि न लागलेली मुलं सारखीच निघाली. हिंदीत खासगी शाळेतली पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत तेव्हा हिंदी शिकवतच नव्हते. त्या शाळा कमी फीच्या आणि ग्रामीण होत्या, तेव्हा शहरातल्या महागड्या शाळेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण खासगी शाळेच्या निकालात मुलांच्या घराचा वाटा किती असतो, ते यातून दिसतं. ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’ या फलकाला म्हणूनच फार वजन देऊ नका.

वजन द्यायचं ते वहीला. त्या शाळेत चौथीत असलेल्या, शेजारच्या किंवा नात्यातल्या मुलाची जानेवारीतली गणिताची वही मागून घ्या. हातच्याच्या वजाबाकीचं पान उघडा. ५०३ वजा २६७ याचं उत्तर ३६४ लिहिलेलं दिसलं, तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे (बरोबर उत्तर २३६). शिक्षकाने तिथे काय केलंय ते पाहा. नुसती फुली असेल तर काम अर्धवट आहे. बरोबरची खूण असेल तर वही न वाचताच तपासली आहे. शून्य आलं की हातचा कुठून आणायचा हे बाजूला दाखवलं असेल आणि खाली मुलाने तेच गणित पुन्हा सोडवलं असेल, तर तिथे शिकवणं होतंय. मग मराठीची किंवा परिसर अभ्यासाची वही. दोन मुलांच्या वह्यांत प्रश्नाचं उत्तर शब्दन् शब्द सारखं असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. महागड्या शाळांतही हे सर्रास दिसतं आणि पालकांच्या लक्षात येत नाही, कारण अक्षर छान असतं.

शाळा पाहायला जाल तेव्हा स्मार्ट बोर्डाऐवजी शिक्षकांबद्दल विचारा. मागच्या वर्षी तिसरीला शिकवणाऱ्या किती बाई यंदाही आहेत? निम्म्या बदलल्या असतील तर कारण बहुधा पगार असतो आणि मुलाला दरवर्षी नवी माणसं मिळतात. वर्गात मुलं किती, तेही मोजा. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (सरकारने प्रत्येक शाळेला दिलेला ओळख क्रमांक) घेऊन शिक्षकसंख्या आणि पटसंख्या सरकारी संकेतस्थळावर ताडून पाहा. ‘सीबीएसई पॅटर्न’ असं लिहिलेलं असेल तर संलग्नता क्रमांक मागा. नुसत्या पॅटर्नचा अर्थ बहुतेकदा पुस्तकं तशी, संलग्नता नाही असा असतो. प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची परीक्षा घेणं आणि डोनेशन मागणं, दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे बेकायदा आहे. पावतीशिवाय पैसे मागणारी शाळा पुढेही तशीच वागणार.

फी भरणं योग्य ठरतं अशा वेळा नक्की आहेत. बदलीची नोकरी असेल तर राज्याराज्यांत चालणारं बोर्ड खरोखर उपयोगी पडतं. मुलाला वाचनाची किंवा अध्ययनाची अडचण असेल आणि शाळेत विशेष शिक्षिका रोज असेल (आठवड्यातून एकदा येणारी नव्हे), तर ती फी वसूल होते. जवळचा स्वस्त पर्याय वह्यांच्या तपासणीत नापास झाला, तर तेव्हाही. पण पहिलीच्या फीसाठी वैयक्तिक कर्ज काढावं लागत असेल, किंवा आरोग्य विमा बंद करावा लागत असेल, तर थांबा. आणि शाळेतले बहुतेक पालक तिसरीपासून क्लास लावत असतील, तर शिकवण्याचे पैसे दोनदा जात आहेत.

पैसे भरण्याआधी आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांची, प्रवेश प्रक्रिया तपासा. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे, वंचित गटांना उत्पन्नाची अट नाही. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृतच लागतो. साध्या करारावर अर्ज केला की पडताळणीत हातची जागा जाते. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत दोन मुलांच्या शिक्षण शुल्कावर दीड लाखांच्या एकत्रित मर्यादेत वजावट मिळते. बस, डोनेशन, विकास निधी त्यात बसत नाही, म्हणून पावतीवर शिक्षण शुल्क वेगळं लिहून घ्या.

मूल आधीच अशा शाळेत असेल, तर दर डिसेंबरात वही आणि वाचन तपासा: मूल चौथीत असेल तर त्याला न पाहिलेला दुसरीचा धडा अडखळल्याशिवाय वाचता यायला हवा. येत नसेल तर आधी वर्गशिक्षिकेला वही दाखवून बोला आणि फेब्रुवारीपर्यंत वाट पाहा. बदलायचंच ठरलं तर पाचवी किंवा आठवीला बदला. अनेक शाळांची रचना तिथे बदलते आणि जागा निघतात. नव्या शाळेचा प्रवेश पक्का झाल्यावरच जुन्या शाळेकडे दाखला मागा. आठवीपर्यंत तो मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. अनामत रकमेची मूळ पावती मात्र त्या दिवशी सोबत न्या.