किलार्नीत जाँटिंग कारमध्ये बसताना

आईबाबा आयर्लंडमध्ये कॉर्कला माझ्याकडे आले की किलार्नीची फेरी ठरलेली. तिथली घोडागाडी, म्हणजे जाँटिंग कार, टांग्यासारखीच दोन चाकांची. बसायची रीत मात्र वेगळी. दोन लांब बाकं पाठीला पाठ लावून, तोंडं बाहेर कुंपणाकडे. चाकं बैठकीखाली आणि आपले पाय चाकाबाहेरच्या फळीवर. बाकांमधल्या खोलगट जागेत पिशव्या, छत्र्या ठेवा. मांडीवर काही घेऊ नका, धरायला हात मोकळे हवेत.

हाकणाऱ्याला जार्वी म्हणतात. केनमेअर प्लेसला गाड्या रांगेत उभ्या असतात. भाडं माणशी की अख्ख्या गाडीचं, आणि परत आणणार का, हे चढण्याआधीच विचारा. गुडघे दुखत असतील तर रॉस कॅसलपर्यंतच जा, दोनेक किलोमीटर. मक्रॉस हाउस त्याहून बरंच लांब आहे, पण त्या वाड्याच्या बागेत मोटारींचा त्रास नाही, म्हणून मला तेच आवडतं.

आता वजनाचं. पहिल्या वेळी तळं दिसावं म्हणून आम्ही तिघंही एकाच बाकावर बसलो. जार्वीने निघण्याआधी बाबांना उठवून पलीकडे बसवलं. भार एका अंगाला गेला की गाडी कलते. मागे गेला की उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा काचतो. पुढे गेला तर सगळं ओझं त्याच्या पाठीवर. तेव्हा जार्वी सांगेल तिथेच बसा, आणि वाटेत फोटोसाठी जागा बदलू नका.

घाबरणाऱ्या माणसाला डावं बाक द्या. आयर्लंडमध्येही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे डावीकडे कुंपण आणि झाडं, उजवीकडे अंगावर येणाऱ्या मोटारी. आई नेहमी डावीकडे. पाऊस तिथे कधीही येतो, गुडघ्यांवर घोंगडी मागून घ्या.

लहान मुलं असतील तर ट्रॅप बघा. त्याला मागून दार असतं आणि सगळे समोरासमोर, आत तोंड करून बसतात. गॅप ऑफ डनलोच्या घाटात मी तोच घेते.

उतरताना गाडी पूर्ण थांबू द्या, आणि सगळे एकाच बाजूने एकदम उतरू नका. घोड्याला खाऊ घालायचं तर आधी विचारा. आईने पर्समधून गुळाचा खडा काढला होता. तो जार्वीनेच आपल्या हाताने त्याला भरवला.