रस्त्याकडेला इतिहासफलक: दगड आणण्याआधीची आणि नंतरची कामे

उदाहरणाला अकोले तालुक्यातले प्रवरेचे खोरे घेऊ. विषय, देवगावचे राघोजी भांगरे आणि त्यांच्या नेतृत्वाखाली महादेव कोळी या आदिवासी समाजाने इंग्रजांविरुद्ध केलेला उठाव.

मजकुराला सगळ्यात जास्त वेळ द्या. साठ-सत्तर शब्दांपुढे जाऊ नका. गाडी थांबवून उतरलेला माणूस उभ्याउभ्या तेवढेच वाचतो. ब्रिटिश कागदपत्रांत या लोकांना दरोडेखोर म्हटले आहे. तिथून तारीख घ्या, विशेषण घेऊ नका. उठावाचे कारण लिहाच: इंग्रजी अमलात किल्ल्यांच्या राखणीचे हक्क गेले, जमिनी सावकारांच्या घशात गेल्या. कारण वगळले की फलकावर फक्त एक फाशी उरते. मग राघोजींच्या शेवटाची ओळ: ‘२ मे १८४८, ठाण्याच्या तुरुंगात फाशी’.

नेहमी होणारी चूक क्रियापदात असते. ‘येथे महादेव कोळी समाज राहत असे’ असे कोरले, की समोरच्या वाडीतल्या माणसाला आपण त्याच्याच गावात भूतकाळात ढकलतो. ‘राहतो’ लिहा. कच्चा मजकूर ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. वाड्यांची, डोंगरांची नावे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जशी आहेत तशीच घ्या, नकाशावरची नाहीत. शुद्धलेखन दोघांनी वेगवेगळे तपासावे. दगडातली वेलांटी पुसता येत नाही.

परवानगी जागेवर ठरते. रस्त्याच्या हद्दीत असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद, ज्याचा रस्ता त्याची ना-हरकत. खाजगी शेतात असेल तर सातबारा पाहून सर्व खातेदारांची लेखी संमती. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, म्हणून वन विभागाला आधीच विचारा. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामच चालत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगी लागते. कोणत्याही अर्जाला ग्रामसभेचा ठराव जोडा. जागा वळणावर किंवा उतारावर नको. दोन गाड्या रस्ता सोडून उभ्या राहतील एवढी सपाटी हवी.

फ्लेक्स इथल्या पावसात एका हंगामात फाटतो, लोखंडी पत्रा वेल्डिंगपाशी गंजतो. काळा पाषाणच बरा. चार बाय तीन फूट, तीन इंच जाड शिळा साधारण अडीचशे किलोची होते, म्हणजे उतरवायला सहा माणसे किंवा चेनपुली धरा. मजकुराचे अक्षर २५ मिलिमीटर, शीर्षक ५० ते ६०. याहून बारीक केले तर ‘क्ष’, ‘ष्ट’ अशी जोडाक्षरे छिन्नीखाली तुटतात किंवा रंगाने बुजतात. कोरीव खोली चार-पाच मिलिमीटर ठेवा. रंग काही वर्षांत उडणारच. अक्षर खोल असेल तर रंगाशिवायही वाचता येते.

काळ्या मातीत पाया उथळ ठेवला तर उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि शिळा कलते. मुरूम लागेपर्यंत खणा. चौथरा जमिनीपासून दीड फूट उंच घ्या, नाहीतर भाद्रपदातल्या गवतात खालच्या ओळी दिसणार नाहीत. चौथऱ्याच्या माथ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्या. पाणी शिळेच्या बुडाशी साचले तर तिथूनच शेवाळ चढते. शेवाळ काढायला पाणी आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश पुरे. ॲसिड आणि तारेचा ब्रश वापरू नका, त्याने अक्षरांच्या कडा जातात.