नववी-दहावीच्या मुलांना यंत्रयुगाची सुरुवात कशी शिकवावी

औद्योगिक क्रांतीचा पाठ घेताना फळ्यावर एका बाजूला शोध आणि दुसऱ्या बाजूला शोधकाचे नाव लिहून देण्याची पद्धत आधी सोडून द्यावी. हारग्रीव्ह्जची सूत कातणारी स्पिनिंग जेनी, वॉटचे सुधारित वाफेच्या इंजिनाचे १७६९ चे पेटंट, कार्टराइटचा यंत्रमाग ही नावे मुले एका रात्रीत पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. या शोधांमुळे माणसांचे जगणे कसे बदलले, हे त्यांना कुणी विचारतच नाही. सातारा-सांगलीकडच्या शाळांत मी हा पाठ वीस वर्षांहून अधिक काळ घेत आलो आहे, आणि केवळ जोड्या लावण्याच्या प्रश्नापुरता तो शिकवण्याइतके नुकसान दुसऱ्या कशानेही होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आठवडाभर आधी मुलांना घरी चौकशी करायला सांगावे. पाटण-जावळीकडच्या अनेक घरांत कुणाचे तरी आजोबा किंवा पणजोबा मुंबईच्या गिरणीत पाळीवर गेलेले असतात. विट्याच्या मुलांच्या कानांत यंत्रमागाचा खडखडाट लहानपणापासून असतो. पलूसकडच्या मुलांना औंध संस्थानातल्या माळरानावर १९१० साली उभी राहिलेली किर्लोस्करवाडी माहीत असते, तर कराडच्या मुलांना ओगलेवाडीचा काच कारखाना. प्रश्न तीनच द्यावेत: भोंगा किती वाजता व्हायचा, पगार कुणाच्या हातात पडायचा, आणि गावाकडची शेती मागे कोण पाहायचे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा आजीकडून मिळते, म्हणून तो गाळू नये.

आता खरा अवघड टप्पा. वर्गात कारखाना उभा करावा, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो, पण तो कसा उभा करावा हे कुणी सांगत नाही. पहिली दोन वर्षे मी रद्दी वर्तमानपत्रांची पाकिटे करायला लावली, गट पाडले आणि सर्वांत जास्त पाकिटे करणाऱ्या गटाला बक्षीस ठेवले. मुलांनी आरडाओरडा केला, मजा लुटली आणि शेवटी एकमुखाने सांगितले की कारखाना फार चांगला. दोष मुलांचा नव्हता. बक्षीस ठेवून मी त्या कामाची शर्यत केली होती आणि शर्यतीत हरल्या-जिंकल्याखेरीज दुसरे काही दिसत नाही. म्हणून बक्षीस मुळीच ठेवू नये, आणि दंड म्हणून खरे गुण तर कधीही कापू नयेत.

प्रथम पंधरा मिनिटे प्रत्येकाने एकट्याने पूर्ण पाकीट करावे: स्वतः आखावे, कापावे, घडी घालावी, खळ लावावी, हवी तर कोपऱ्यावर नक्षी काढावी. या वेळी बोलायला आणि उठायला मोकळीक असावी. त्यानंतर पाचांची रांग लावावी आणि प्रत्येकाला एकच काम द्यावे. घंटेवर सुरुवात, घंटेवर थांबणे, बोलायचे नाही, आणि एक मुकादम. मुकादम म्हणून वर्गात आधीच दादागिरी करणारा मुलगा निवडू नये. मी एकदा ती चूक केली आणि पुढचा आठवडा भांडणे मिटवण्यात गेला. पंधरा मिनिटे संपली की पाकिटे मोजावीत. रांगेतून ती जास्त निघतात, आणि हे मोकळेपणाने मान्य करावे. यंत्रयुगाने कापड स्वस्त केले हे खरेच आहे. ते लपवून शिकवणारा शिक्षक मुलांना अर्धवट इतिहास देतो.

इथे बहुतेक जण थांबतात. मी थांबत नाही. रांगेत घडी घालणाऱ्याला उठवून त्याच्या जागी पाचवीतले एक मूल आणून बसवावे. दोन मिनिटांत ते मूल तेच काम तितक्याच वेगाने करू लागते. मग मोठ्या मुलांना विचारावे, "आता मालक घडीचे किती पैसे देईल, आणि कुणाला?" त्यानंतर शिक्षकाने गप्प राहावे, कितीही अवघड वाटले तरी उत्तर स्वतः सांगू नये. गेल्या वर्षी उठवलेल्या मुलाने आपला उजवा अंगठा पुढे केला. शाईने तो नखापर्यंत काळा झाला होता. तो म्हणाला, "सर, माझं काम कुणालाही येतंय." कामाचे तुकडे झाले की कसब लागत नाही, कसब लागले नाही की स्वस्त हात चालतात, आणि सर्वांत स्वस्त हात लहान मुलांचे असतात, हा कार्यकारणभाव त्या एका वाक्यात आला होता.

एवढे झाले की इंग्लंडचा १८३३ चा कारखाना कायदा समजावायला दहा मिनिटे पुरतात. रेशमाच्या गिरण्या वगळता कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी घातली, तेरा वर्षांखालील मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि देखरेखीसाठी चार निरीक्षक नेमले. असा कायदा करावा लागला, यावरूनच आधी काय चालले असेल ते मुले स्वतः सांगतात.

मग मुंबईकडे यावे. कावसजी दावर यांच्या गिरणी कंपनीची स्थापना १८५४ ची; भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा, आणि त्यात वयाची किमान अट होती केवळ सात वर्षांची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. आपली रविवारची सुट्टी कुणीतरी मागून, भांडून मिळवलेली आहे, हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. घरून आणलेली उत्तरे इथे वाचून घ्यावीत. आधी वाचली तर ती नुसत्या आठवणी राहतात.

शेवटी लेखी प्रश्न एकच द्यावा. नॉटिंगहॅमशायरमधल्या मोजे विणणाऱ्या कारागिरांनी १८११ पासून यंत्रे फोडली, आणि १८१२ साली ब्रिटिश संसदेने त्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा ठरवली. कारागिरांचे बरोबर होते की चूक? "ते अडाणी होते, यंत्राला घाबरले," असे लिहिणाऱ्याला मी गुण देत नाही, कारण त्यांपैकी बरेच जण कसबी होते आणि यंत्रावर निघणाऱ्या हलक्या मालाने आपली मजुरी पडते आहे, अशी त्यांची तक्रार होती. उत्तरात "कुणाच्या दृष्टीने" हे आले नसेल, तर वही परत देऊन पुन्हा लिहायला सांगावे.